टेड कूझर, राजकवी आणि पहाटेचे साडेचार

चिंचेचं_बन:
काल नेति_नेति यांनी ठोकून दिलं, "टेड कूझर म्हणजे गुड मॉर्निंगचे मेसेज. असल्या माणसाला अमेरिकेने राजकवी केलं!" म्हणून हा वेगळा धागा. २००४ ते २००६ राजकवीपद, 'डिलाइट्स अँड शॅडोज' या कवितासंग्रहाला २००५चं पुलित्झर, ते सोडा. पुरस्कार काय, कुणालाही मिळतात. 'अबँडंड फार्महाउस' वाचलीत का? ओस पडलेलं घर, माणूस कुठेच नाही. फुटक्या बशांच्या ढिगावरचे बूट सांगतात, गडी आडदांड होता. पाठ मोडलेलं बायबल सांगतं, देवभीरू होता. दगडधोंड्यांनी भरलेलं रान सांगतं, शेती काही त्याला जमली नाही. कुठल्या मेसेजात येतं हे?

नेति_नेति:
वाचलीय. एक कविता बरी निघाली म्हणून अख्खा कवी डोक्यावर घ्यायचा? हे गृहस्थ विमा कंपनीत उपाध्यक्ष. ऑफिसातल्या सेक्रेटरीला कविता दाखवायचे आणि तिला कळली नाही की बदलायचे. अमेरिकन कवी वॉलेस स्टीव्हन्सही विमा कंपनीत उपाध्यक्षच होता. त्याच्या कविता वाचा, मग बोलू.

विमावाला:
विम्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझी कविता दिवाळी अंकात आली तेव्हा साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "कविराज, पॉलिश्या किती आणल्या?" सगळे हसले. मार्चअखेर होती, मीही हसलो. कूझर पहाटे साडेचारला उठून लिहायचा आणि मग कामावर जायचा. सलाम आहे.

सुगरण_नसलेली:
साडेचारचं कौतुक पुरे! मीही तेव्हाच उठते. पाणी भरायचं, कणीक मळायची, डबे भरायचे. पुरुष पहाटे उठला की साधना, बाई उठली की रोजचंच. याचा चहा कोण करत होतं?

विमावाला:
काकू, आमच्याकडे चहा मीच करतो.

सुगरण_नसलेली:
काकू कुणाला म्हणता? आणि पोळ्या?

चिंचेचं_बन:
अहो, त्याची बायको नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराच्या दैनिकाची संपादक होती! विषय काय चाललाय?

सुगरण_नसलेली:
म्हणजे तिलाही ऑफिस होतं. माझाच मुद्दा झाला.

चिंचेचं_बन:
नेति_नेति, सेक्रेटरीला कविता कळावी असं वाटण्यात कमीपणा कसला? तुमच्या कविता तुमच्याच कंपूतले चारजण वाचतात, तेही एकमेकांची प्रस्तावना लिहायची असते म्हणून. १९९८मध्ये त्याला कॅन्सर झाला. उपचारांमुळे ऊन वर्ज्य, म्हणून नेब्रास्काच्या थंडीत उजाडायच्या आधी फिरायला जायचा आणि आल्यावर छोटी कविता लिहून, पोस्टकार्डावर चिकटवून लेखकमित्र जिम हॅरिसनला धाडायचा. अशी शंभर कार्डं पुस्तकात आहेत. दुखण्याचं रडगाणं नाही. तारीख, हवामान आणि दिसलं ते.

नेति_नेति:
कंपूवर घसरायची गरज नव्हती. पोस्टकार्डं चांगली आहेत, घ्या, लिहून दिलं. राजकवी म्हणून तरीही नाही.

सुगरण_नसलेली:
शंभर कार्डं! मला वाणसामानाची यादी पुरी करू देत नाहीत.

विमावाला:
कॅन्सरचा क्लेम पास झाला असेल ना? कंपनी घरचीच होती म्हणून विचारतो.