हरणामागे कुत्री सोडावीत का? (एका चर्चामंचावरून)

माळरान

व्हर्जिनियात, ब्लू रिज डोंगराच्या पूर्वेला राहतो. नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम लागला की शनिवारी उजाडायच्या आत रस्त्याकडेला पिकअप गाड्या लागतात, मागच्या पिंजऱ्यांतून दहा-पंधरा कुत्री उतरतात आणि रानात घुसतात. वॉकर हाउंड किंवा बुटके बीगल ही शिकारी कुत्री वास धरून हरणाला उठवतात, भुंकत मागे लागतात. बंदूकवाले ठरलेल्या नाक्यांवर उभे असतात. हाकाच म्हणा, फक्त डबे बडवणाऱ्या माणसांच्या जागी कुत्री. गंमत म्हणजे डोंगराच्या पश्चिमेला हेच बेकायदा. राज्य एक, हरीण तेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शिकारीला विरोध नाही. पांढऱ्या शेपटीची हरणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पाचेक लाख उरली होती असं मानतात; आज तीन कोटींच्या घरात आहेत. पूर्वेकडचे लांडगे संपले, तेव्हा ती कमी करायचं काम माणसाकडे येणारच. विरोध आहे तो पाठलागाला, कारण कुत्र्याला कुंपण कळत नाही. गेल्या हंगामात सहा हाउंड माझ्या बारा एकरांतून गेले, मेंढ्या बिथरल्या, एकीचा पाय तारेत अडकला. तासाभराने दोघे आले, 'कुत्री न्यायला आलोय' म्हणाले. इथल्या कायद्यानुसार बंदूक बाहेर ठेवून ते येऊ शकतात, मी नको म्हटलं तरी. कर मी भरायचा आणि 'येऊ नका' म्हणायची सोय मला नाही!

बीगलवाला

मेंढीचं वाईट वाटलं. भरपाई मागायला हवी होती, आणि ती मिळायला हवी होती.

पण 'पाठलाग' म्हणताना तो जिथे चालतो ती राज्यं कशी आहेत तेही सांगा ना. किनाऱ्याकडची दलदल, काटेरी झुडपं, लावलेल्या पाइनची दाटी. दहा पावलांवरचं दिसत नाही. झाडावर मचाण बांधून तुम्ही दिवसभर बसाल आणि हरीण खालच्या वेतांतून निघून जाईल. तिथे कुत्र्याशिवाय सावज हलतच नाही.

हरणाचे हाल म्हणाल, तर हे आजवर कोणी तपासलं नाही असं नाही. हरणांना रेडिओ कॉलर लावून, मागे कुत्री सोडून केलेला एक अभ्यास १९७१ साली छापून आला. बहुतेक पाठलाग तासाभराच्या आत संपले, हरणं पाण्यातून, गोल फिरून, दुसऱ्या हरणांत मिसळून कुत्र्यांना चकवत होती, आणि बरीचशी दिवसभरात आपल्या जागी परतली. निरोगी हरीण बीगलच्या हाती लागत नाही हो. बीगलचे पाय बघा एकदा.

चांदणवेल

आता नाण्याची दुसरी बाजू. इंग्लंडात एक्समूरला लाल हरणामागे हाउंड सोडायचे, तेव्हा नॅशनल ट्रस्टने (जुन्या वास्तू आणि जमिनी जपणारी संस्था) पॅट्रिक बेटसन या प्राणिशास्त्रज्ञाकडून अभ्यास करवून घेतला. मारलेल्या हरणांचं रक्त आणि स्नायू तपासले. सरासरी पाठलाग ३ तास, १९ किलोमीटर. स्नायूंतली साखर संपलेली, ताणाची संप्रेरकं चढलेली, तांबड्या पेशी फुटलेल्या. हे १९९७ साल. ट्रस्टने लगोलग आपल्या जमिनीवर ही शिकार बंद केली. पुढे कुत्र्यांनी शिकार करण्यावर बंदी घालणारा २००४ चा कायदा आला, फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. जर्मनीने तर घोडे-कुत्र्यांचा असा पाठलाग १९३४ मध्येच बंद केला होता.

बेटसनचा मुद्दा साधा होता: हरीण हे थोडं जोरात पळून लपणारं जनावर आहे, तीन तास पळणारं नव्हे. 'निरोगी हरीण हाती लागत नाही' याला समर्थन म्हणायचं का? हाती लागलं नाही तरी घाबरतंच की.

बीगलवाला

तुम्ही आंबा आणि फणस एकाच टोपलीत घालताय. एक्समूरला हरीण थकून उभं राहीपर्यंत पळवायचे आणि मग जवळून गोळी घालायचे. आमच्याकडे कुत्र्यांनी हरीण फक्त नाक्यापर्यंत आणायचं. आणि बेटसनच्या निष्कर्षांवर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी शंका घेतल्याच होत्या. पाठलागाच्या शेवटी हाल होतात हे त्यांनाही मान्य होतं. ते किती वेळ होतात, यावर वाद होता. शिवाय २००४ च्या त्या कायद्यातही दोन कुत्र्यांनी सावज झुडपातून उठवून बंदुकीसमोर आणायची सवलत आहे. म्हणजे हाका चालतो, अटी घालून.

घाबरण्याचं म्हणाल, तर लांडग्याच्या काळात ही हरणं काय गुलकंद खात होती?

नऊछर्रे

मी स्वतः शिकारी, आणि या बाबतीत कुत्र्यांच्या विरोधात. कारण अजून कोणी काढलं नाही म्हणून लिहितो.

मचाणावर बसलं की हरीण चालत येतं, थांबतं, तुम्ही श्वास रोखून बार टाकता. नाक्यावर ते उधळलेलं येतं आणि दोन झाडांमधून दिसेनासं होतं. म्हणून तिथे बंदुकीत सहसा जाड छर्रे भरतात. नेहमीच्या काडतुसात नऊ. चाळीस पावलांपलीकडे ते इतके पांगतात की एखादा पोटात, एखादा मांडीत, बाकीचे झाडांत. असं हरीण तिथे पडत नाही. मैलभर जाऊन रात्री मरतं. पायांनी पळून थकलं की नाही, याची चर्चा मला त्यापुढे किरकोळ वाटते.

आता उलट बाजू. अशा जखमी हरणाचा माग काढायला कुत्र्यासारखं दुसरं काही नाही. आम्ही तिघे टॉर्च घेऊन अडीच तास वाकून फिरलो होतो. शेवटचा रक्ताचा थेंब सापडला आणि पुढे कोरडी पानं. एकाने दोरीला बांधलेली म्हातारी डॅशहुंड आणली, तिने वीस मिनिटांत नेऊन उभं केलं. स्वीडनमध्ये हरणाची शिकार करताना गोळी झाडल्यापासून दोन तासांत मागकाढं कुत्रं पोहोचेल अशी सोय ठेवावीच लागते. टेक्ससने १९९० साली कुत्र्यांनी हरीण पळवणं बंद केलं, पण जखमी हरीण शोधायला बहुतेक भागांत दोन कुत्री न्यायची मुभा आहे. मला हे पटतं.

जुनी_शिंगं

परंपरेचं कोणीच बोलत नाही का? जॉर्ज वॉशिंग्टनकडे हाउंड होते, त्याचा फ्रेंच सेनानी मित्र लाफायेतने १७८५ मध्ये त्याला फ्रान्सहून आणखी पाठवले. आमच्या क्लबात ऐंशीचे आजोबा आणि दहा वर्षांची नात एकाच नाक्यावर उभी असते. आजोबांना मचाणावर चढवून दाखवा बरं. संध्याकाळी मांसाचे वाटे पडतात, नाक्यावर काहीच न दिसलेल्यालाही वाटा मिळतो.

चांदणवेल

वॉशिंग्टनकडे गुलामही होते. त्याच्याकडे होतं म्हणून चांगलं, हे नका सांगू.

आजोबांचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पट्टा_सुटला

प्राणी आश्रयगृहात काम करते. जानेवारीत हंगाम संपला की आमच्याकडे हाउंड येतात. बरगड्या दिसणारे, कान फाटलेले, गळ्यात पट्टा नाही. सगळेच शिकारी असे नसतात, काहीजण तीन-तीन आठवडे शोधत फोन करतात. पण ज्याच्याकडे वीस कुत्री, त्याचं एक हरवलं तर? हरणाबद्दल एवढं लिहिलंत, कुत्र्यांबद्दल दोन ओळी तरी असाव्यात म्हणून.

बीगलवाला

जो कुत्रं टाकून देतो त्याला क्लबातून काढा, मी पहिली सही करतो. माझ्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर आहे, बटण दाबलं की आवाज होतो आणि ते मागे फिरतं. जॉर्जियात तर परवाना घ्यावा लागतो, जमिनीला किमान क्षेत्राची अट आहे, आणि कुत्र्यावर परवान्याचा क्रमांक लागतो. कुणाचं कुत्रं घुसलं ते लगेच कळतं. असं नीट बांधून द्या, आमची ना नाही. माळरान यांना ज्यांनी त्रास दिला त्यांच्या पापाने आमचा खेळ का मोडायचा?

माळरान

जॉर्जियासारखं इथे झालं तर मी हा विषय बंद करीन. पण कॉलरचं एक विचारतो. त्या सहाही कुत्र्यांच्या गळ्यात कॉलर होती, मी पाहिली. मालकांच्या हातात पडदा होता, त्यावर ती माझ्या रानात आहेत हे दिसत होतं. तरी ती तासभर माझ्याकडेच होती. बटण का दाबलं नसेल?

बीगलवाला

खरं सांगू? हरीण तिकडेच होतं म्हणून.