डेंटल हायजिनिस्टचा कोर्स गावात राहून करता यावा का?

पळसफूल
माझी मावसबहीण धानोऱ्याची, गडचिरोली जिल्हा. बारावी सायन्स झाली आणि डेंटल हायजिनिस्टचा, म्हणजे डेंटिस्टच्या देखरेखीखाली दात साफ करणाऱ्याचा, दोन वर्षांचा कोर्स करायचाच म्हणून हटून बसली. घरचे म्हणाले, नागपूर दोनशे किलोमीटर, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, त्यात मुलगी एकटी. विषय तिथेच मिटला. आता ती कापडाच्या दुकानात बसते.

हिरड्यांचे आजार, जंतुशास्त्र, हत्यारांचं निर्जंतुकीकरण, ही सगळी थिअरी मोबाइलवर शिकवता येईल. प्रात्यक्षिक जवळच्या सरकारी दवाखान्यात, डेंटिस्टच्या हाताखाली. आमच्याकडे आठवीतल्या पोराच्या खिशात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नी सापडते. त्याला समजवायला शहरातून कोणी येणार नाही आणि आलं तरी तो ऐकणार नाही. गावातली ताई बोलली तर निदान थांबून ऐकेल.

दाढदुखी
साताऱ्याकडे अठरा वर्षं प्रॅक्टिस करतोय. तुमची तळमळ पोचली, पण माझा विरोध आहे.

स्केलर, म्हणजे दात खरवडायचं हत्यार, पेनसारखा धरायचा आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची. ते बोट सुटलं की पातं हिरडीत घुसतं. हिरडीखालचं किटण डोळ्यांना दिसत नाही, पात्यावर बारीक खरखर लागते, ती बोटांनी ओळखायची. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीच्या हातावर हात ठेवून मी महिनाभर ती खरखर दाखवत होतो. तेव्हा कुठे एक दिवस ती आपणहून म्हणाली, "सर, इथे अजून आहे." हे व्हिडिओ बघून कसं येणार?

आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत दूरशिक्षणातून चालवायला मनाई असलेल्या विषयांत दंतवैद्यक आहेच. ते नियम पदव्यांचे आहेत हे मान्य, पण मनाईमागचं कारण डिप्लोमालाही लागू पडतं.

पळसफूल
डॉक्टर, हात घरी बसून तयार होतो असं मी म्हटलंच नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातली हायजिनिस्टची व्याख्या बघा: दात खरवडणारा, साफ करणारा, पॉलिश करणारा, *किंवा* दातांच्या निगेचे धडे देणारा. खरवडायला खुर्ची लागते, कबूल. पण बाकीचं शिकायला दोन्ही वर्षं नागपुरात कशाला काढायची?

दाढदुखी
त्या "किंवा"वर नोंदणी मिळत नाही. नोंदणी झाली की ती बाई पेशंटच्या तोंडात हत्यार घालणार. रक्त आलं तर माझ्या गावचा पेशंट आणि तुमच्या गावचा पेशंट वेगळा नसतो. गावासाठी कमी शिकलेलं माणूस चालेल, हा विचारच मला खुपतो.

नदीकाठ
मी भामरागड तालुक्यात शिक्षक आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, वीज आणि नेटवर्कही जातं. त्यामुळे "मोबाइलवर शिकवा" हे बोलायला सोपं आहे. धडे आधीच पेनड्राइव्हवर हातात द्यावे लागतील. तरी मी पळसफूल यांच्या बाजूने. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, किडलेले दात टिपून जातं. त्यानंतर त्या पोराला रोज ब्रश कसा धरायचा हे कोण दाखवतं? मीच दाखवतो, मला जमेल तसं.

सुपारी_सोडलेला
सगळे शिक्षणावर बोलताय, नोकरीचं काय? हायजिनिस्टने डेंटिस्टच्या देखरेखीखाली काम करायचं असतं. तालुक्यात डेंटिस्टच नसेल तर ही मुलगी डिप्लोमा घेऊन पुन्हा कापडाच्याच दुकानात. आधी ग्रामीण रुग्णालयांत पदं काढा, मग कोर्सचं बोला. माझ्या भाचीचं दुसऱ्या एका पॅरामेडिकल कोर्सचं असंच झालं. दोन वर्षं गेली, कर्ज डोक्यावर.

पळसफूल
हा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचला. खरा आहे. पण पदं मागायला गेलं की उत्तर मिळतं, शिकलेली माणसंच नाहीत. हे कुठून तरी सुटायला हवं.

दाढदुखी
एक सांगतो. थिअरी ऑनलाइन झाली तर माझी हरकत नाही, आधीही नव्हती. परवानगी मिळाली तर जावळी-महाबळेश्वरकडच्या दोन मुली माझ्याकडे हाताला घेईन, फी न घेता. पण आधी टायपोडोंटवर, म्हणजे सरावाच्या नकली दातांवर, आणि मग पेशंटवर, दोन्हीकडे हात बघितल्याशिवाय मी कोणाच्याही कागदावर सही करणार नाही.

पळसफूल
साताऱ्यात तुम्ही आहात. धानोऱ्यात अशी खुर्ची कोण देईल? सरकारी दवाखान्यातल्या डेंटल ओपीडीत सोमवारी बहिणीला घेऊन विचारायला जातेय.