‘जाड’ की ‘ठळक’? आणि ‘जॉमेट्रिक सॅन्स सेरिफ’चं काय करायचं?

एका इंग्रजी मजकुरात अक्षरांच्या टाइपचं वर्णन ‘बोल्ड जॉमेट्रिक सॅन्स सेरिफ’ असं आलंय. मराठीत मी ‘ठळक भौमितिक निःसेरिफ टंक’ केलं, पण वाचताना जीभ अडखळते. काही सुचतं का?

— ‘निःसेरिफ’ आधी काढा. धड संस्कृत नाही, धड इंग्रजी नाही. अक्षराच्या रेघेला टोकाशी जी बारीक आडवी पट्टी असते ती सेरिफ. ती नसली की सॅन्स सेरिफ. अक्षरांत काम करणारे सगळे हेच बोलतात. ‘भौमितिक’ मात्र हवंच, कारण प्रत्येक सॅन्स सेरिफ भौमितिक, म्हणजे वर्तुळ आणि सरळ रेघांवर बेतलेला, नसतो. हेल्वेटिका हा टाइप तसा नाही. फ्युचुरा आहे: पाउल रेनर यांनी घडवलेला, १९२७ साली बाजारात आलेला. त्याचा ओ कंपासने काढल्यासारखा वाटतो.

— ‘काढल्यासारखा’ म्हणालात ते बरं केलंत! खरंच कंपास फिरवून सगळीकडे एकच जाडी दिली, तर आडव्या रेघा डोळ्याला उगाच जाड दिसतात. म्हणून त्या किंचित बारीक ठेवतात. गोल अक्षर शेजारच्यापेक्षा लहान भासतं, म्हणून ते वर-खाली जरासं रेषेबाहेर सोडतात. जाड वजनात (वजन म्हणजे टाइपच्या रेघांची जाडी) तर खरी कसरत. छोट्या एनची कमान खांबाला मिळते तिथे रेघ निमुळती केली नाही, तर काळा डाग दिसतो. ई आणि एसच्या पोटातली जागा बुजत जाते. बारीक फ्युचुरात कॅपिटल ‘ए’चं टोक अणकुचीदार असतं, जाड वजनात ते सपाट कापलेलं.

— मूळ प्रश्नाकडे येऊ या. जाडी हे रेघेचं माप, ठळकपणा हा परिणाम. बारीक अक्षरही भोवती मोकळी जागा सोडली की ठळक दिसतं. उलट अख्खं पान जाड अक्षरांत छापलं तर त्यात काहीच ठळक उरत नाही. इथे वर्णन टाइपचं आहे, तेव्हा ‘जाड ठशाचा’.

— ‘जाड ठशाचा भौमितिक सॅन्स सेरिफ’. हे जमतंय. पुढचं वाक्य ‘कुठे वापरावा’ असं आहे.

— शीर्षक, फलक, बोधचिन्ह. दोन-चार शब्द, तेही मोठे. परिच्छेदाला अजिबात नको. फ्युचुराचा छोटा ए म्हणजे गोल आणि त्याला चिकटलेली उभी काठी. आकार लहान झाला की तो ओ वाटू लागतो. कॅपिटलमध्ये ही अडचणच नाही. अपोलो ११ने १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या फलकावरची अक्षरं फ्युचुरातली, सगळी कॅपिटल.

— मजकूर मराठीत छापायचा असेल तर पॉपिन्स हा टाइप बघा, त्यात रोमन आणि देवनागरी दोन्ही भौमितिक आहेत. फक्त निवडण्याआधी ‘सर्वांत’ हा शब्द सर्वांत जाड वजनात, लहान आकारात टाइप करा. रफार आणि अनुस्वार एकाच कान्याच्या डोक्यावर बसतात. ते वेगळे दिसले नाहीत, तर एक वजन खाली या.