जुन्या बी-२७५ ला ऊस हंगामासाठी काय काय जोडावं?

कागलकर_२७५:
घरचा महिंद्रा बी-२७५ ट्रॅक्टर आहे, १९७० च्या दशकातला. इंजिन, गिअर, हायड्रोलिक सगळं ठणठणीत. यंदाच्या हंगामात एकच ट्रॉली जोडून ऊस कारखान्यावर न्यायचा आहे, बहुतेक खेपा रात्रीच्या. मनात आहे ते असं: पुढे दोन हॅलोजन, मागे फडात भरणीसाठी एक फोकस, ट्रॉलीचे मागचे दिवे, गाण्यांसाठी छोटा डेक, पुढच्या बाजूला वजन, आणि हंगाम संपल्यावर शेणखत-मातीसाठी डंपिंग ट्रॉली. वीज तयार करणारा डायनामो मूळचा आहे, त्याच्या पट्टीवर १२ व्होल्ट ११ अँपिअर असं आहे. ट्रॅक्टर मूळ रूपात राहावा ही इच्छा, म्हणून कापाकापी आणि वेल्डिंग नको. सुरुवात कशापासून करू?

उद्यमनगर_वायरिंग:
आधी विजेचा हिशेब मांडा, दिवे नंतर घ्या. ११ अँपिअर म्हणजे १३२ वॅट, तेही इंजिन चांगल्या फेऱ्यावर असताना. ५५ वॅटचे दोन हॅलोजन ११० वॅट खातात, मागचा फोकस अजून ५५. इथंच १६५ झाले. डेक, ट्रॉलीचे दिवे आणि सेल्फ मारल्यावर बॅटरीला परत द्यायचा करंट अजून धरलेलाच नाही. शिवाय आयडलला (इंजिन जागेवर सावकाश चालू असताना) डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. कारखान्याच्या अड्ड्यात नंबर येईपर्यंत दिवे आणि डेक चालू ठेवून रांगेत थांबलात की बॅटरी बसणार.

माझं मत: ३५ ते ४५ अँपिअरचा, आत रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर (डायनामोच्या जागी बसणारं, जास्त करंट देणारं यंत्र) बसवा. डायनामो, त्याचा ब्रॅकेट आणि कटआउटचा (डायनामोचं चार्जिंग जोडणारा-तोडणारा) डबा पोत्यात बांधून जपून ठेवा, कधीही परत चढवता येईल.

बसवण्याआधी बॅटरीची कुठली बाजू चॅसिसला जोडली आहे ते बघा. त्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना प्लस अर्थ असायचा, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू चॅसिसला. तसाच अल्टरनेटर जोडलात तर डायोड त्या क्षणी जातात. प्लस अर्थ निघाला तर बॅटरी फिरवून मायनस चॅसिसला घ्या. बॅटरीचा प्लस खुंटा जाड आणि मायनस बारीक असतो, त्यामुळे क्लॅम्पही बदलावे लागतात. सेल्फला फरक पडत नाही, तो त्याच दिशेला फिरतो. अँपिअर मीटरच्या दोन वायरी मात्र अदलाबदल करा, नाहीतर काटा उलटा जाईल.

अल्टरनेटरची मुख्य वायर नवीन ६ चौरस मिलिमीटरची टाका आणि थेट सेल्फच्या बॅटरीकडच्या बोल्टवर न्या. जुन्या वायरिंगमधून आणि जुन्या अँपिअर मीटरमधून ३५ अँपिअर काढू नका, दोन्ही जळतील. चार्जिंग बघायला वेगळा व्होल्टमीटर लावा: बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. चार्जिंगचा दिवा २ वॅटचा साधा बल्बच ठेवा, एलईडी नको. त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो.

हॅलोजन जुन्या स्विचवरून थेट नका चालवू. ३० अँपिअरचा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), त्याच्या आधी १५ अँपिअरचा फ्यूज, स्विच फक्त रिलेला.

रंकाळा_रिपेअर:
वरचा हिशेब बरोबर आहे, पण मूळ रूप जपायचं असेल तर दुसरीही वाट आहे. २० वॅटचे दोन एलईडी पुढे, १८ वॅटचा एक मागे, ट्रॉलीचे दिवे १० वॅट. बेरीज ६८ वॅट, म्हणजे ६ अँपिअरच्या आत. डायनामोला बॅटरीसाठी ५ अँपिअर उरतात. डेक सोडून द्यायचा. तो नसलेलाच बरा, कारण मागून ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्न ऐकू यायला हवा. एलईडी ९ ते ३२ व्होल्टचा घ्या, म्हणजे डायनामोचा व्होल्टेज वरखाली झाला तरी तग धरतो. प्लस अर्थ असेल तर एलईडीची काळी वायर चॅसिसला लावून चालणार नाही. लाल चॅसिसला आणि काळी स्विचकडून. उलट जोडला तर पेटणारच नाही.

अड्ड्यात थांबल्यावर दिवे बंद करायची शिस्त मात्र लागेल. ती जमणार नसेल तर अल्टरनेटरच घ्या.

आणि ट्रॉलीच्या दिव्यांची अर्थ हुकाच्या पिनमधून मिळेल असं धरून चालू नका. पिनला ग्रीस आणि माती असते, खड्ड्यात दिवे मिणमिणतात. सात पिनांचा सॉकेट लावा आणि अर्थची वायर वेगळी आणा.

बिडाचं_ओतकाम:
वजनाबद्दल. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा. त्याखाली गेलं की स्टेअरिंग फिरतं, पण ट्रॅक्टर वळत नाही. अंदाजाने लावू नका. भरलेली ट्रॉली जोडून पुढची चाकं तेवढी वजनकाट्यावर घ्या. समजा ट्रॅक्टर १,८०० किलोचा, तर पुढे ३६० तरी दिसले पाहिजेत. कमी भरतील तेवढंच वजन लावा.

बिडाची ४५ बाय ३० बाय ४ सेंटिमीटरची पाटी ३९ किलोच्या आसपास भरते. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अशा ओतकामाला अडचण नाही, साधा लाकडी पॅटर्न पुरतो. एका माणसाला उचलता येईल असाच नग करा, म्हणजे उन्हाळ्यात काढून ठेवता येतो. ब्रॅकेट पुढच्या बोल्स्टरला (पुढच्या एक्सलवरच्या बिडाच्या ठोकळ्याला) आधीपासून असलेल्या भोकांतच बसवा. बीड ड्रिल करू नका आणि त्यावर वेल्डिंग तर अजिबात नको, बाजूने चीर जाते. लावण्याआधी पुढचं चाक जॅकवर उचलून हलवून बघा. एक्सलची मधली पिन, बुश किंवा किंगपिन ढिले असतील तर वजनाने ते महिन्याभरात पूर्ण जातील. आधी बुश, मग वजन.

मागच्या टायरमध्ये पाणी भरायचं असेल तर चाक उचलून व्हॉल्व्ह सर्वांत वर आणा आणि व्हॉल्व्हपर्यंत भरा, साधारण ७५ टक्के होतं. वर हवा राहिलीच पाहिजे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, साधं पाणी चालतं. पण हे फडातल्या चिखलासाठी. नुसती डांबरी रस्त्याची वाहतूक असेल तर पाणी नको, ब्रेकवर फुकटचा बोजा पडतो.

पुढे कितीही वजन लावलं तरी ट्रॉली टॉपलिंकच्या (मागच्या तीन जोडांपैकी वरच्या दांड्याच्या) जागी किंवा एक्सलच्या वर कुठेही जोडायची नाही. ओढ ड्रॉबारलाच (एक्सलच्या खालच्या ओढपट्टीला). एक्सलच्या वरून ओढलं की चढावर ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि उडी मारायला वेळ मिळत नाही.

हातकणंगले_ऊसवाहक:
या सगळ्याआधी रिफ्लेक्टर पट्टी. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. उसाची वाडी (शेंड्याची हिरवी पानं) बाहेर लोंबून मागची पट्टी झाकतात, म्हणून ती ट्रॉलीच्या खालच्या आडव्या चॅनेलवर लावा आणि दर खेपेला फडक्यानं पुसा. मागचा पांढरा फोकस रस्त्यावर बंद, मागच्याचे डोळे दिपतात. रात्री ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यात उभी राहिली तर दिवे बॅटरी टिकेल तेवढेच, पट्टी मात्र सकाळपर्यंत दिसते.

उद्यमनगर_वायरिंग:
डंपिंगचं राहिलं. उसाला ते लागत नाही, म्हणून घाई नको. घेताना ट्रॉलीच्या जॅकला तेल किती लागतं ते काढा. १०० मिलिमीटर बोअर आणि ६०० स्ट्रोक असेल तर ४.७ लिटर. तेवढं तेल ट्रॅक्टरमधून बाहेर जाणार. जॅक पूर्ण वर असताना पंपाचं सक्शन (तेल ओढणारं तोंड) उघडं पडलं तर तेलात फेस होतो, पंप ओरडतो आणि झिजतो. लेव्हल जॅक खाली असताना बघा. वर असताना बघून तेल ओतलंत तर खाली आल्यावर जास्त होईल. दुसऱ्याची ट्रॉली जोडणार असाल तर तिच्यातलं काळं तेल आपल्या हायड्रोलिकमध्ये येतं, हे लक्षात ठेवा. कपलरला टोप्या हव्यातच.

कागलकर_२७५:
अल्टरनेटरचं ठरलं. डायनामोची पुली काढून अल्टरनेटरला बसवली तर चालेल का? पट्टा तोच राहील.

उद्यमनगर_वायरिंग:
दोन गोष्टी मोजा. पट्टा १७ मिलिमीटर रुंद, म्हणजे बी सेक्शन, असेल तर अल्टरनेटरबरोबर येणारी १३ मिलिमीटरची ए पुली चालत नाही. पट्टा खाचेत बसतच नाही, काठावर राहून घसरतो आणि जळका वास येतो. अशा वेळी डायनामोची पुली घेता येईल, पण बोअर टर्नरकडून जुळवून घ्या आणि बुश टाका.

दुसरं, व्यास. क्रँक पुली १५० ची आणि डायनामोची ७५ ची असेल तर ६०० आयडलला अल्टरनेटर १,२०० फेऱ्यांवर फिरतो. तिथं चार्जिंगचा दिवा विझेलच असं नाही. ६५ ची पुली करून घेतलीत तर सुमारे १,४०० मिळतात, आणि इंजिन २,००० वर गेलं तरी ४,६०० च होतात. अल्टरनेटरला ते काहीच नाही. ६५ च्या खाली मात्र जाऊ नका, बी पट्टा इतका वाकला की आतून चिरतो. बसवल्यावर पट्टा मध्यावर अंगठ्यानं दाबून १२ ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. नवा पट्टा दोन-तीन खेपांत सैल पडतो, तेव्हा एकदा परत ताणा. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर फाजील ताणू नका, पंपाचं बेअरिंग जातं.