विळा शेतीच्या आधीचा
शेती आली आणि दगडी हत्यारं मागे पडली, असं म्हणतात, पण ते मला पटत नाही. इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराकाठी ओहालो-२ या उत्खननस्थळी सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची चकमकीच्या दगडाची पाती सापडली आहेत. काहींच्या धारेवर खास चकाकी दिसते. धान्याच्या ताटांत सिलिका (वाळूत असतो तोच कठीण पदार्थ) असते. कापणी करता करता दगडावर तशी झिलई चढते. म्हणजे रानातलं धान्य कापायचं तंत्र शेतीच्या कितीतरी आधीचं! आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, घोड नदीकाठच्या इनामगावात बघा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात तिथे जवाची शेती होती, तांबंही होतं, तरी कॅल्सेडनी या गारगोटीसारख्या दगडाची पाती बनवली जातच होती. तांबं दुर्मीळ होतं, हा दगड मात्र दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, सहज मिळायचा.