सेंद्रिय शेती एका दिवसाच्या कार्यशाळेत शिकता येते का?

वावरकरी (यवतमाळ)

सेंद्रिय शेतीच्या कार्यशाळांच्या जाहिराती आता रोज मोबाइलवर येतात. सकाळी चहा-पोहे, मग शिवारफेरी, ड्रममध्ये जीवामृत कालवून दाखवायचं, दुपारी झुणका-भाकर, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. माझं मत स्पष्ट आहे. यातून कृती पाठ होते, शेती येत नाही. शिकायचं तर एकाच वावरात, पेरणीपासून वेचणीपर्यंत, दर आठ-पंधरा दिवसांनी भरणारी शेतीशाळा हवी.

जीवामृताची कृती चिठोऱ्यावर मावते. 200 लिटर पाणी, 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा, दोन-तीन दिवसांनी एकराला सोडा. झालं. चिठोऱ्यावर मावत नाही ते निराळंच आहे. ऑगस्टमध्ये कपाशीचं पान उलटून पाहा. मावा दिसला की हात लगेच पंपाकडे जातो. पण नीट पाहिलं तर त्या गर्दीत काही मावे फुगून सोनेरी-तपकिरी झालेले असतात, हलत नाहीत. एखाद्याच्या पाठीला गोल भोक असतं. एका इवल्याशा परोपजीवी कीटकाने त्यांच्यात अंडं घातलेलं असतं आणि त्याचं पिल्लू मावा आतून खाऊन बाहेर पडलेलं असतं. शेजारी काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरत असते. ती ढालकिड्याची, म्हणजे माव्यावर जगणारी. आमच्याकडे कितीतरी जण तिलाच कीड समजून मारतात. देठाजवळ केसाएवढ्या दांडीवर पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडीचं, तेही आपलंच.

जानेवारीत मांडवाखाली स्लाइड बघून ही नजर येत नाही. पान उलटून, मोजून, वहीत लिहून, 'या आठवड्यात फवारा नको' असं सगळ्यांनी मिळून ठरवून, आणि पुढच्या आठवड्यात त्याच झाडाकडे परत जाऊनच ती येते. शेतीशाळेची पद्धत निघाली तीच या गरजेतून. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्याने धुमाकूळ घातला होता, कारण फवाऱ्यांनी त्याचे शत्रूच मारून टाकले होते. 1986 साली तिथल्या सरकारने भातावर 57 कीटकनाशकांना बंदी घातली आणि 1989 पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांना बांधावर बसवून कीड आणि मित्रकीड मोजायला शिकवलं.

माझ्या जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. त्यामुळे फवारा कधी *नको* हे कळणं हा आमच्याकडे जिवाचा प्रश्न आहे. तो एका दिवसात उरकणाऱ्यांचा मला राग येतो.

निंदणीवाली (वर्धा)

भाऊ, पान उलटायचं पटलं. पण हंगामभर दर आठवड्याला येणार कोण? ऑगस्टात निंदण असतं. शेतीशाळेची वेळ सकाळी दहाची, म्हणजे मजुरीचा अख्खा दिवस गेला. येतात ते ज्यांच्या वावरात दुसरे राबतात ते. निंदण आम्ही करतो, वेचणी आम्ही करतो, पानामागे काय आहे ते सगळ्यात आधी आमच्याच डोळ्याला दिसतं. पण सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून यादीत नाव त्याचं.

मी एका दिवसाच्याच कार्यशाळेला गेले होते, तीही बचतगटातल्या बाया मिळून. तिथे दशपर्णी अर्क शिकलो, दहा झाडांच्या पाल्याचं कीडनाशक. तो मुरायला महिना लागतो, म्हणजे दिवसभरात कोणी करून दाखवूच शकत नाही, तुमचं म्हणणं खरं. पण त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कोणी 'शेतकरी' म्हणून बसवलं. घरी येऊन सासऱ्यांशी वाद घालून अर्ध्या एकराची परवानगी मिळवली. तो एक दिवस नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. तुम्ही ते दार बंद करायला निघालात.

ऊसपट्टा (सांगली)

दोघांचाही मुद्दा चुकतोय. शिकवणं कमी पडतंय म्हणून लोक सेंद्रिय करत नाहीत, हे मला मान्यच नाही. खत नाही म्हणून करत नाहीत. हिशोब मांडतो.

आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाला शिफारशीप्रमाणे हेक्टरी 400 किलो नत्र (नायट्रोजन), म्हणजे एकरी 160. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरा, म्हणजे टनाला पाच किलो. एकराला 32 टन शेणखत झालं! एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देतं, कुजून खत होईपर्यंत त्याचं वजन निम्म्याहून खाली येतं. आमच्या गल्लीत आता चार घरांत मिळून दोन म्हशी उरल्यात. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत साधारण 20 किलो नत्र असतं, म्हणजे चार टन शेणखताची बरोबरी, आणि ती गोणी मी मोटरसायकलवर आणतो. जीवामृताने जिवाणू वाढतात हे मान्य, पण दहा किलो शेणातून एकराला नत्र मिळतं किती, हे कार्यशाळेत कोणी बोलत नाही. मी विचारलं तेव्हा 'निसर्गावर विश्वास ठेवा' असं उत्तर मिळालं. विश्वासावर कारखान्याचं टनेज निघत नाही.

श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. भाताचं उत्पादन कोसळलं. तिथेही सांगणारे कमी नव्हते.

वावरकरी

ताई, वेळेचा मुद्दा पूर्ण मान्य. शेतीशाळा संध्याकाळी चारनंतर भरवायला काहीच हरकत नाही. निंबोळी अर्क तर मावळतीलाच फवारायचा असतो, उन्हात त्याचा अंश टिकत नाही.

ऊसपट्टा दादा, तुमच्या आकड्यांत चूक नाही. पण ते आकडे माझ्याच बाजूचे आहेत. हा हिशोब एका दिवसाच्या कार्यशाळेत होत नाही, म्हणून तर लोक ड्रम ढवळून घरी येतात आणि दुसऱ्या वर्षी पीक पिवळं पडलं की सोडून देतात. शेतीशाळेत तूर-सोयाबीनचं झाड मुळासकट उपटतात, मुळावरच्या गाठी नखाने फोडतात. आत गुलाबी असेल तर गाठ नत्र बांधतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. मग प्रश्न निघतात: बियाण्याला रायझोबियम (या गाठी करणारे जिवाणू) लावलं होतं का, दहा किलोला 250 ग्रॅमची पुडी, की बुरशीनाशकासोबत एकदमच चोळलं? हिरवळीच्या खताचा ताग फुलावर येताना गाडला की उशीर करून दांडा कडक झाल्यावर? नत्र बाहेरून आणायचं किती आणि वावरातच बांधायचं किती, हे असं शिकतात.

ऊसपट्टा

ताग चांगला गाडला तर एकरी पंचवीस-तीस किलो नत्र. 160 मधले तीस. उसाचं पाचट जाळायचं नाही, कुजवायचं, हे मीही करतो. एकरी तीनेक टन निघतं आणि जमीन खरंच भुसभुशीत होते. तरीही निम्म्याहून जास्त तूट उरते. कोरडवाहू तूर-कपाशीचं गणित उसाला लावू नका. 'सेंद्रिय पीक' असं एकच काही नसतं, हे आधी त्या कार्यशाळेच्या बोर्डावर लिहा.

शनिवारचा शेतकरी (पुणे)

मी नोकरी करतो, मुळशीकडे वडिलांची थोडी जमीन आहे. माझ्यासारख्याला शनिवार-रविवारच आहे. हंगामभराची अट घातली तर आम्ही यूट्यूबकडेच जाऊ, आणि तिथे कोणी पान उलटून दाखवत नाही. माझ्या कार्यशाळेत कंपोस्टच्या ढिगात हात कोपरापर्यंत घालायला लावला होता. आतली वाफ चटका देत होती. ढीग तापतो म्हणजे काय हे मला तेव्हा समजलं. वाचून समजलं नव्हतं. एका दिवसात हात लावायला मिळालं, तेवढंही खूप झालं. फीचं मात्र वेगळं. काही ठिकाणी खरंच लूट आहे.

बांधावरची वही (अकोला)

शेतीशाळेचं इतकं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. मी अशा शाळांत प्रशिक्षक म्हणून काम केलं आहे. कागदावर सगळे वर्ग होतात. प्रत्यक्षात तीन-चार होतात, त्यात एक उद्घाटनाचा. फोटोत बॅनर नीट दिसला पाहिजे, यावर पान मोजण्यापेक्षा जास्त वेळ जातो. मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे वाटले जातात, पण त्यात किती पतंग पडले याची नोंद कोणी ठेवत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग आले की उपाय करायचा, हा नियम माहीत असतो; सापळा रोज रिकामा करून मोजणारा नसतो. तेव्हा एक दिवस की हंगाम, हा प्रश्न दुय्यम आहे. मोजतंय कोण, ते सांगा.

मला सगळ्यात खरं शिक्षण दिसलं ते पीजीएसच्या गटांत, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेती सेंद्रिय असल्याची हमी देण्याच्या पद्धतीत. गटात किमान पाच शेतकरी लागतात आणि एकमेकांच्या शेताची तपासणी तेच करतात. शेजाऱ्याच्या गोठ्यामागे युरियाची गोणी दिसली तर विचारावंच लागतं, कारण प्रमाणपत्र गटाचं असतं. बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. श्रीपाद दाभोळकरांचा प्रयोग परिवार याच पद्धतीने वाढला: जो करतो त्याने लिहायचं, दुसऱ्याला सांगायचं. त्या परिवारातल्या द्राक्षवाल्यांना ते कोणी एका दिवसात शिकवलं नव्हतं आणि सरकारी बॅनरखालीही नाही.

निंदणीवाली

या ताईंचं पटलं. आमच्या गटात सात जणी आहेत. वावरकरी भाऊ, सापळ्यातले पतंग मोजायला आम्ही रोज सकाळी निंदणाआधी जाऊ शकतो, ते पाच मिनिटांचं काम आहे. पण मोजून झाल्यावर फवारा थांबवायचा निर्णय आमच्या हातात नाही, तो घरच्या माणसाचा. त्याला कोणत्या शाळेत बसवायचं?

वावरकरी

त्यालाच संध्याकाळी चारला बसवू, ताई, आणि नोंद तुम्ही वाचून दाखवा. पुढच्या खरिपात माझ्या दोन एकर कपाशीत सुरू करायची तयारी आहे. फी नाही, बॅनर नाही. यादीत सातबारा विचारणार नाही.

ऊसपट्टा

करा, जरूर करा. मीही येईन, सांगलीहून लांब आहे तरी. पण माझ्या नत्राच्या तुटीचं काय, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तो सुटल्याशिवाय आमच्याकडे कोणी युरिया सोडणार नाही.