४० हजारांत स्टिअरिंग, तीन पेडल आणि एच गिअर: खेड्यातल्या लाईनवर टिकेल असा सेट सांगा

दारव्हा_ड्रायव्हर

राजेहो, सल्ला पाह्यजे. पीसी आहे, कन्सोल नाही. गेम दोन: निम्मा वेळ युरो ट्रक सिम्युलेटर २, निम्मा असेटो कोर्सा ही रेसची. त्यातही जुन्या, हाताने गिअर टाकायच्या गाड्या जास्त, जीटी३ (आजकालच्या रेसच्या गाड्या) कमी. बजेट ४० हजार, ताणून ४५.

आता अडचणी. लाईन दिवसातून कितीकदा जाते त्याचा नेम नाही, संध्याकाळी व्होल्टेज पडते. मे महिन्यात कूलर लावूनही खोली तापलेलीच. टेबल साधं प्लायचं, खुर्ची चाकांची. दुकानवाला म्हणते पीएक्सएन व्ही ९ घे, गिअरसकट सगळं एकाच डब्यात येते. सर्व्हिस सेंटर इथून लांब, म्हणून घेतलं की टिकलंच पाह्यजे. काय घेऊ?

परतवाडा_पॅडल

भाऊ, पहिले व्ही ९ चा विषय संपवू. त्यात फोर्स फीडबॅक, म्हणजे गाडीप्रमाणे स्टिअरिंगचं चाक मोटरने ओढणं, नाही, नुसतं कंपन आहे. चाक मधोमध आणायचं काम आतला ताण करतो, म्हणजे गाडी सरळ जात असो की घसरत असो, हाताला ओढ तीच. खऱ्या फोर्स फीडबॅकमध्ये पुढच्या टायरची पकड सुटली की चाक हलकं पडतं. मागचं टायर सुटलं की चाक आपसूक उलट्या बाजूला धावतं. तुमच्या जुन्या गाड्यांत एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. त्या चालवायच्याच ह्या दोन खुणांवर. नुसत्या ट्रकसाठी विचारलं असतं तर एवढा अडून बसलो नसतो.

तुमच्या पैशात सरळ उत्तर: लॉजिटेक जी २९ किंवा जी ९२०, आणि सोबत त्यांचाच ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टर, म्हणजे एच आकारात हलवायचा गिअरचा दांडा. पीसीवर दोघांत फरक नाही. जी २९ प्लेस्टेशनसाठी, जी ९२० एक्सबॉक्ससाठी, एवढंच. जो स्वस्त मिळेल तो घ्या. जी ९२३ मध्ये ट्रूफोर्स म्हणून जास्तीची थरथर आहे, पण ती फक्त ज्या गेमने आधार दिला त्यातच चालते. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. तिघांतही तीन पेडल, ९०० अंशाचं फिरणं आणि आतल्या दातेरी गिअरने चाक फिरवणारी मोटर. गिअरचा खडखडाट ऐकू येतो, मधोमध थोडी ढिलाई वाटते. पण पट्टा नाही, म्हणून ताणायचं-घासायचं काही नाही.

शिफ्टर सहा गिअरचा; दांडा खाली दाबून रिव्हर्स. तो नऊ पिनच्या केबलने लॉजिटेकच्या चाकालाच जोडला जातो. उद्या दुसऱ्या कंपनीचं चाक घेतलं तर वेगळा यूएसबी अडॅप्टर लागेल, हे आत्ताच लक्षात ठेवा.

जिनिंग_जंक्शन

दातेरी गिअरवालं चाक घ्या ह्याला माझंही अनुमोदन, पण कारण वेगळं. सेकंडहँडमध्ये तुम्हाला थ्रस्टमास्टर टी ३०० दिसेल आणि मोह होईल. चाक गुळगुळीत आहे, पट्ट्यावर चालतं, १०८० अंश फिरतं, जोर जी २९ च्या दीडपटीच्या पुढे. मात्र आत पंखा आहे. हिंगणघाट, वणी, आर्वीकडे कापसाच्या दिवसांत हवेत रुईचे तंतू असतात. ते पंख्याच्या जाळीवर बसले की मोटर तापते, आणि तापली की जोर कमी होत जातो. मे महिन्यात तर पाच-सात फेऱ्यांत चाक हलकं पडलेलं कळतं. शिवाय त्याला टीएच ८ ए शिफ्टर धरला की ४५ च्या बाहेर गेलात. शिफ्टर म्हणून टीएच ८ ए चांगलाच आहे: धातूचा, सात अधिक रिव्हर्स, आत चुंबकाचा सेन्सर, पीसीवर स्वतःच्या यूएसबीने कुठल्याही चाकासोबत चालतो. पुढेमागे बदलायचा झाला तर हाच घ्या.

जुना जी २९ बघायला गेलात तर तीन तपासण्या केल्याशिवाय पैसे देऊ नका. लाईन लावली की चाक स्वतः दोन्ही टोकांना फिरून मधे आलं पाहिजे. मग गेममध्ये दोन-चारदा जोरात भिंतीला धडका, आणि चाक सरळ धरून गाडी सरळ जाते का बघा. मध्य सरकला असेल तर आतल्या एन्कोडरची (चाक किती फिरलं ते मोजणारा भाग) चकती तडकली आहे; ते चाक सोडून द्या. तिसरं, विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत प्रत्येक पेडल अगदी हळू दाबा. पट्टी उड्या मारत असेल तर पोटेन्शियोमीटरमध्ये (पेडल किती दबलं ते मोजणारा भाग) धूळ आहे. हा दोष घरी जातो, पण भाव पाडायला उपयोगी.

परतवाडा_पॅडल

धुळीचं खरं आहे. पेडलचा तो उपाय इथेच लिहून ठेवतो: केबल काढा, पेडलचा डबा उलटा करून खालचे स्क्रू काढा, पोटेन्शियोमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, पेडल वीस-तीसदा पूर्ण दाबा, पूर्ण वाळू द्या, मगच लाईन. कुलूप-बिजागरीचं तेल मारू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग तेलाला धूळ चिकटते आणि आधीपेक्षा वाईट होतं. शिफ्टर तिसऱ्या-चौथ्यातून न्यूट्रलला पडू लागला तर त्याच्याही आत पोटेन्शियोमीटरच आहेत, हीच दवा.

दारव्हा_ड्रायव्हर

हे भारी सांगितलं. पण मोझा आर ५ बद्दल सगळेच बोलतात, डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे चाक थेट मोटरवर, म्हणून. थोडं थांबून पैसे जमवून तेच काऊन नको?

पुसद_पाईप

जोराचा हिशेब मांडू, मग तुम्हीच ठरवा. आर ५ चा जोर साडेपाच न्यूटन मीटर, चाक २८ सेंटीमीटरचं, म्हणजे त्रिज्या १४. कडेवर हाताला जाणवतं ते साधारण चार किलोचं ओझं. जी २९ दोन न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे दीड किलो. फरक मोठा आहे, नाकारत नाही. पण ते चार किलो उजवीकडे-डावीकडे सेकंदात कितीकदा हिसके मारतात. साध्या प्लायच्या टेबलावर ते सगळे टेबलच खातं, हाताला उरते फक्त हालचाल.

दुसरं, त्या सेटमधल्या एसआर-पी लाईट पेडलमध्ये दोनच पेडल येतात, क्लच वेगळा घ्यायचा. गिअर वेगळा. तुमची मुख्य गरज क्लच आणि एच गिअर. ती भागवता भागवता रक्कम बजेटच्या बरीच वर जाते. फक्त जीटी३ चालवणारा असता तर म्हटलं असतं थांबा आणि आर ५ घ्या, चाकामागच्या पॅडलवर गिअर, पायाशी दोन पेडल, झालं.

माझं मत विचाराल तर उरलेले पाच हजार चाकात घालूच नका, सांगाड्यात घाला. चाकांच्या खुर्चीवर ब्रेक मारला की खुर्ची मागे पळते, पेडल पुढे सरकतं, आणि माणूस ब्रेक हळू मारायला शिकतो. ही सवय पुढे लोड सेलचा ब्रेक घेतला तरी जात नाही. लोड सेल पेडल किती खाली गेलं ते मोजत नाही, पायाचा जोर मोजतो, म्हणून तर त्याला खाली घट्ट पाया लागतो.

तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. चौकोनी पाईप ४० बाय ४० मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर. तो सव्वा मिलिमीटरचा खिडकीचा पाईप पुढे करेल, घेऊ नका, पेडलच्या आडव्या दांडीला लचकतो. सीट, पेडल आणि चाक एकाच चौकटीवर हवेत. सीट भंगारातली, जुन्या मारुती ८०० ची किंवा ओम्नीची, रेल्ससकट घ्या म्हणजे पुढे-मागे करता येते. चाकाच्या पाटीला आणि पेडलच्या पाटीला १८ मिलिमीटरचं प्लाय. भोकं गोल नकोत, लांबट खाचा पाडायला सांगा, आणि पाडायच्या त्या वेल्डिंग झाल्यावर; आधी पाडल्या की वेल्डिंगच्या तापाने चौकट ओढली जाते आणि काहीच जुळत नाही.

माप टेपने नका घेऊ, बसून घ्या. पाठ सीटला टेकलेली, हात सरळ पुढे: मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. जी २९ ला खालून बोल्टची भोकं आहेत, एम ६ ची. क्लॅम्पऐवजी तेच वापरा, पण प्लायची जाडी वजा करून बोल्ट किती आत जातो ते मोजा. लांब बोल्ट आवळत राहिलात तर प्लास्टिकची खोबणी फाटते.

रेड ऑक्साईड मारून मग रंग. आणि पाईपाच्या उघड्या तोंडांना टोप्या लावाच, नाहीतर पावसाळ्यात गांधीलमाश्या आत घर करतात.

परतवाडा_पॅडल

गांधीलमाश्यांचं हसण्यावारी नेऊ नका, खरंच करतात.

वायरमन_वर्धा

लाईनबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. कमी व्होल्टेजची काळजी सोडा. जी २९ चा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, संध्याकाळी १७० झालं तरी त्याला फरक पडत नाही. खरा मार बसतो तो लाईन परत येताना, जेव्हा डीपीवरचा सगळा भार एकदम चालू-बंद होतो. लाईन गेली की बोर्डाचं बटण बंद करा आणि आल्यावर दोन मिनिटांनी लावा. लावताना चाकात हात घालू नका. कॅलिब्रेशनला ते जोरात दोन्हीकडे फिरतं, अंगठा आऱ्यात अडकला तर मुरगळतो. लेकरं आजूबाजूला असतील तर आधी सांगून ठेवा.

इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर प्युअर साइन वेव्ह पाहिजे. स्क्वेअर वेव्हवर चाकाचा अडॅप्टर गुणगुणत का होईना चालेल, पण पीसीचा चांगला पॉवर सप्लाय भाराखाली बंद पडू शकतो. पीसी आणि चाक एकाच बोर्डावर घ्या. पीसी इन्व्हर्टरवर आणि चाक थेट लाईनवर असलं की लाईन गेल्यावर गेम चालूच राहतो आणि भर वळणात चाक निर्जीव होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. गावच्या कित्येक घरांत तीन पिनचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या पिनला वायरच नाही. पीसीच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडा करंट कॅबिनेटवर सोडतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर कॅबिनेटवर शंभरच्या वर व्होल्ट उभे राहतात. यूएसबीच्या वायरीतून तेच लोखंडी सांगाड्यावर येऊ शकतं. अनवाणी पायाने पेडल दाबताना झिणझिण्या येतात त्या ह्याच. यूएसबी मधूनच तुटणं, चाक गायब होऊन परत येणं, ह्यालाही कधीकधी हेच कारण. लोक केबल बदलत बसतात.

वायरमनकडून तपासून घ्या, स्वतः फेज शोधत बसू नका. तो १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून बघेल. फेज-न्यूट्रलमध्ये लागतो तेवढाच लख्ख लागला तर ठीक, मंद लागला किंवा नाहीच लागला तर खड्डा नवा करावा लागेल: कोळसा, मीठ, पत्रा किंवा इलेक्ट्रोड. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर ह्या चाचणीत तो पडेल, ते बरोबरच आहे. आणि आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्याशी ओल राहत नाही, अर्थिंग कमजोर होतं. मार्चपासून पावसापर्यंत त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. सांगाड्यालाही एक वायर अर्थला जोडा, पण रंग खरवडून, उघड्या लोखंडावर.

कूलरचा झोत अंगावर घ्या, चाकावर नको. पाण्याचे तुषार आणि खाऱ्या पाण्याची भुकटी दोन्ही आत जातात.

दारव्हा_ड्रायव्हर

वायरमन दादा, अर्थिंगचं कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत! उद्याच बघून घेतो. आता दोन शंका. गिअर डाव्या हाताला बसवू की उजव्या? आपल्या गाड्यांत तर डावीकडे असते. आन् ट्रकमध्ये बारा गिअर असतात, ह्यात तर सहाच.

पुसद_पाईप

डावीकडे बसवा. क्लॅम्प दोन्ही बाजूंना चालतो, गिअरचा नकाशाही तोच राहतो, पहिला डावीकडे वर. पुढे खऱ्या गाडीवर बसायचं असेल तर हात चुकीचा घडवू नका. असेटो कोर्सात बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असेल, दोन दिवसांत त्याची सवय होते. शिफ्टरची पाटी चाकाच्या पाटीपेक्षा जराशी खाली ठेवा, दांड्याची मूठ कोपराच्या रेषेत यावी. रिव्हर्सला दांडा खाली दाबायचा असतो, म्हणून पाटीखाली आधार हवाच.

परतवाडा_पॅडल

बारा गिअरला सहा खाचा पुरतात. युरो ट्रकच्या सेटिंगमध्ये एच शिफ्टर निवडा, बारा गिअरचा रेंजवाला नकाशा घ्या आणि रेंजचं बटण चाकामागच्या एका पॅडलवर द्या. खालची रेंज १ ते ६, वरची ७ ते १२. रेंज बदलायची ती न्यूट्रलमधून जाताना.

बाकी सेटिंग थोडक्यात. जी हबमध्ये (लॉजिटेकचं सॉफ्टवेअर) फिरणं ९०० अंश, सेंटरिंग स्प्रिंग बंद. असेटो कोर्सात पेडलचं छोटं ॲप उघडा. फोर्स फीडबॅकची पट्टी करडी असते, लाल झाली की मोटरची मर्यादा संपली, बारकावे हातात येत नाहीत. लाल फक्त कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) आणि धडकेला दिसेल इतका गेन, म्हणजे जोराची पातळी, उतरवा. जोर कमी वाटला तरी उतरवा.

जी २९ चा ब्रेक अर्ध्यावर अडल्यासारखा वाटेल, ते बिघाड समजून परत पाठवू नका. आधी स्प्रिंग आणि नंतर रबराचा ठोकळा दबतो. रबर काढायचे व्हिडिओ आहेत, पण सांगाडा पक्का असेल तर ते राहू द्या, जोरावर ब्रेक मारायची सवय त्यानेच लागते. गेममधल्या गाडीची चाकं लॉक होत असतील तर गेममधला ब्रेकचा गॅमा वाढवा, सुरुवातीचा ब्रेक हलका होतो.

आणि मागवताना आपला पिनकोड आधी टाकून बघा. जड पार्सल खेड्यात पोचवत नाहीत कधीकधी, मग यवतमाळ नाहीतर अमरावतीच्या पत्त्यावर घ्या. भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचंच बिल हवं, नाहीतर वॉरंटीला कोणी विचारत नाही. खोका आणि आतलं थर्माकोल फेकू नका, दुरुस्तीला कुरिअरने त्यातच पाठवावं लागतं. माळ्यावर ठेवाल तर उंदरांपासून जपून.